लोकांच्या प्रश्नापासून पहिल्या पावतीपर्यंत

विद्यार्थ्यांच्या उद्योजकतेची सुरुवात बहुतेक विद्यापीठांत कल्पनांच्या स्पर्धेने होते. फलक लागतो, अर्ज येतात, परीक्षक बसतात, बक्षीस दिलं जातं आणि मग जिंकलेली कल्पना कुणाच्या गळ्यात मारायची याचा शोध सुरू होतो. विद्यापीठातल्या आमच्या उद्योजकता केंद्रात हा क्रम उलटा आहे. आधी परिसरातली एखादी संस्था, मग तिचा प्रश्न, मग विद्यार्थ्यांचा गट आणि पैसा सगळ्यांत शेवटी. या क्रमाने एक शैक्षणिक वर्ष कसं सरतं, कुठे अडतं आणि का अडतं, ते लिहितो आहोत.

प्रश्न लोकांकडून यावा ही गोष्ट काही नवी नाही. नेदरलँड्समधल्या विद्यापीठांनी १९७० च्या दशकात ‘विज्ञान दुकानं’ उघडली. नागरिकांचे गट आपला प्रश्न घेऊन तिथे येत आणि विद्यार्थी व अध्यापक त्यावर संशोधन करून देत. ते काम बहुधा अहवालावर संपायचं. उद्योग उभा करायचा तर अहवालाच्या पुढे बरंच चालावं लागतं आणि त्या वाटेवर विद्यापीठाच्या स्वतःच्याच सवयी आड येतात: सत्र, परीक्षा, सुट्टी आणि दरवर्षी बदलणारी मुलं.

संस्थेची निवड सत्राच्या दोन-तीन महिने आधी आटोपलेली बरी. वृद्धनिवास, अपंगांची कार्यशाळा, शाळा, ग्रंथालय, कारागिरांचा संघ, कुणीही चालतं. अट एवढीच की तिथे रोजचं काम करणारी एक पगारी व्यक्ती संपर्काला हवी. अध्यक्षांचा उत्साह कामाचा असतो, पण मंगळवारी दुपारी कपाट उघडून दाखवायला अध्यक्ष येत नाहीत. सामंजस्य करार दोन्हीकडच्या वरिष्ठांना हवा असतो, तो करावा. मात्र त्यात ज्या गोष्टी लिहिलेल्या नसतात त्यांवरूनच पुढे कुरबुरी होतात. म्हणून त्याच्या जोडीला साध्या भाषेतलं एक पान करतो: संस्थेची व्यक्ती आठवड्याला किती वेळ देणार (दोन तासांपेक्षा जास्त मागू नये), मुलांनी कुठे जायचं आणि कुठे नाही, फोटो घ्यायचे की नाही, काही मोडलं तर भरपाई कुणाची आणि वर्ष संपल्यावर वस्तू, नोंदी, पासवर्ड कुणाकडे राहणार. संस्थेच्या वेळेचे पैसेही याच पानावर येतात. प्रकल्पनिधीतले दहा ते पंधरा टक्के त्यासाठी बाजूला ठेवतो. ‘समाजसेवाच आहे, वेळेचे पैसे कसले’ असं लेखा विभाग म्हणतो. त्या विभागातलं कुणी स्वतःचा वेळ फुकट देत नाही हे त्यांच्या लक्षात आणून द्यावं लागतं.

एका संस्थेत एका वेळी दोनपेक्षा जास्त गट पाठवत नाही. चार विभागांची मुलं एकाच महिन्यात तीच प्रश्नावली घेऊन पोहोचली की संस्था पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. हे घडतं, कारण विद्यापीठातल्या विभागांना एकमेकांच्या भेटींचा पत्ता नसतो. कोण, कुठे, कधी गेलं याची एक सामायिक यादी ठेवली तरी निम्मं दुखणं जातं.

संस्था आपला प्रश्न सांगते तो बहुतेकदा उत्तराच्या रूपात. ‘आम्हाला एक अ‍ॅप हवंय.’ तो जसाच्या तसा मुलांच्या हाती दिला तर सोळा आठवड्यांनी एक अ‍ॅप मिळतं आणि ते कुणी उघडत नाही. आम्ही तो चार ओळींत उतरवून घेतो: त्रास कुणाला होतो, केव्हा होतो, महिन्यातून कितीदा होतो आणि आत्ता त्यावर काय करता. चौथी ओळ सगळ्यांत बोलकी. लोक चिकटपट्टी लावतात, वहीत लाल पेनाने खूण करतात, शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला हाक मारतात, असं काही जुगाड चालू असेल तर त्रास खरा. काहीच करत नसतील तर तो त्रास बहुधा बैठकीपुरता असतो.

गट तीन ते चार जणांचा. सहाच्या गटात दोघं काम करतात आणि चौघं सादरीकरणाच्या दिवशी दिसतात. किमान दोन वेगवेगळ्या शाखा हव्यात आणि एक जण असा हवा, ज्याला अनोळखी माणसाशी बोलायला संकोच वाटत नाही. आठवड्याला सहा ते आठ तास लागतात. ते अभ्यासक्रमाच्या क्रेडिटमध्ये (श्रेयांकांत) धरले नाहीत तर चाचणी परीक्षेच्या आठवड्यात गट गायब होतो, आणि त्यात त्यांचा दोषही नाही.

मुलाखतींवर आम्ही सगळ्यांत जास्त वेळ घालवतो. जोडीने जायचं, एकाने विचारायचं, दुसऱ्याने लिहायचं. वीस ते तीस मिनिटं पुरेत. टिपणं त्याच रात्री स्वच्छ करायची. दोन दिवसांनी लिहिलेल्या टिपणात समोरच्याचे शब्द उरत नाहीत, आपलेच उतरतात. आणि प्रश्न झालेल्या गोष्टीबद्दल विचारायचा, होऊ शकणाऱ्या गोष्टीबद्दल नाही. वृद्धनिवासातलं उदाहरण घेऊ. विद्यार्थी विचारतो, “गोळ्यांची वेळ झाली की वाजणारी डबी दिली तर वापराल का?” परिचारिका म्हणते, “हो, छानच होईल.” या उत्तराची किंमत शून्य. समोर बसलेल्या मुलाला नाही म्हणायला कुणाला आवडतं? तोच प्रश्न असा फिरवावा: “गेल्या आठवड्यात गोळ्या देताना कधी अडचण आली? त्या दिवशी काय झालं?” मग ऐकायला मिळतं ते असं: “उशीर नाही होत आमच्याकडे. बुधवारी डॉक्टरांनी एक गोळी बंद केली. डब्या तर रविवारीच आठवड्याभराच्या भरलेल्या. सगळे कप्पे उघडून ती एक गोळी वेचत बसले. दोन गोळ्या पांढऱ्या, गोल, सारख्याच. चुकू नये म्हणून दुसरीला बोलावून परत बघून घेतलं.”

वाजणाऱ्या डबीचा विषय तिथेच संपतो. खरा त्रास आठवड्याच्या मध्यावर बदलणाऱ्या औषधाचा आहे, आणि त्यावरचा उपाय बिनबॅटरीचा असू शकतो: प्रत्येक औषधाची सात कप्प्यांची वेगळी पट्टी, पट्ट्या एकावर एक रचलेल्या, औषध बंद झालं की तेवढी पट्टी ओढून काढायची. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांचा इथे थोडा हिरमोड होतो.

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये सुरू केलेल्या, संशोधन बाजारापर्यंत नेण्याच्या आय-कॉर्प्स कार्यक्रमात संशोधकांच्या गटांकडून सात आठवड्यांत १०० मुलाखतींची अपेक्षा धरली गेली. ते लोक बरेचसे पूर्ण वेळ त्यात उतरलेले असतात. वर्ग सांभाळून काम करणाऱ्या गटाला पहिल्या सत्रात पंचवीस-तीस मुलाखती झेपतात आणि नेमकेपणाने निवडल्या तर पुरतात. निवडताना तीन माणसं वेगळी धरावीत: वापरणारा, ठरवणारा आणि पैसे देणारा. वृद्धनिवासात डबी हाताळते परिचारिका, ती घ्यायची की नाही हे ठरवतो व्यवस्थापक आणि बिल कदाचित घरच्यांकडे जातं. गट वीस परिचारिकांशी बोलून येतो, सगळ्या खूश असतात आणि विक्री एकही होत नाही, याचं कारण तिथे सापडतं. औषधांच्या बाबतीत चौथं माणूसही लागतं, औषधनिर्माता. मूळ पाकिटातून काढलेल्या गोळीवर बॅच आणि मुदत राहत नाही, काही गोळ्या हवेतल्या ओलाव्याने बिघडतात, म्हणून कोणती औषधं पट्टीत ठेवायचीच नाहीत याची यादी त्याच्याकडून लेखी घ्यावी लागते. उपचाराशी संबंधित वस्तूला वैद्यकीय उपकरणाचे नियम लागू होतात का, हेही याच टप्प्यावर विचारून घ्यावं. साचा तयार झाल्यावर विचारलं तर उत्तर महागात पडतं.

वृद्ध, रुग्ण, लहान मुलं यांच्याकडून माहिती घ्यायची असेल तर नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी लागते. तिला आठवडे लागतात. म्हणून अर्ज सत्राच्या पहिल्याच आठवड्यात टाकतो आणि तोवर मुलं फक्त कर्मचाऱ्यांशी बोलतात, तेही समितीला विचारूनच. संमतीपत्र एका पानाचं, मोठ्या अक्षरातलं आणि ‘मधेच थांबायचं असेल तर फक्त सांगा’ हे वाक्य सगळ्यांत वर.

नमुना कसा करायचा यावर मुलांना फार शिकवावं लागत नाही, थांबवावं मात्र लागतं. पहिला नमुना पुठ्ठ्याचा. तो टेबलावर ठेवून परिचारिकेला बटणं किंवा मणी भरायला सांगायचे आणि गप्प बसायचं. ती कुठे अडखळते, नखाने काय उचकटते, कोणता कप्पा दोनदा उघडते, ते बघायचं. समजावून सांगण्याचा मोह टाळता आला तर अर्ध्या तासात महिनाभराचं शहाणपण मिळतं. दुसरा नमुना थ्रीडी प्रिंटरवरचा. इथे एक चूक इतक्या वेळा पाहिली आहे की ती सांगायलाच हवी. प्रयोगशाळेतल्या प्रिंटरला सहसा पीएलए या प्लास्टिकची तार लावलेली असते. पीएलए साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं. निवासात डब्या गरम पाण्याने धुतात. पहिल्याच धुण्यात झाकण पिळवटतं आणि बसेनासं होतं. शिवाय छपाईच्या थरांमधल्या बारीक खाचांत मळ धरतो. पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक वापरलं तर उष्णतेचा प्रश्न बराच हलका होतो, खाचांचा होत नाही. वस्तू कोण आणि कशी धुणार हा प्रश्न मुलाखतीतच विचारलेला असावा.

प्रत्यक्ष चाचणी दहा-बारा जणांवर, चार आठवडे. पहिल्या आठवड्यात औषधं नेहमीच्याच पद्धतीने द्यायची आणि नवी डबी बाजूला खोट्या गोळ्यांनी भरायची. मोजायचं काय ते आधी ठरवायचं: भरायला लागलेली मिनिटं, बदलाला लागलेली मिनिटं, चुका, तुटफूट. ‘आवडलं का?’ याला पाचपैकी किती गुण, असल्या फॉर्मवर आमचा विश्वास नाही. अमेरिकेतल्या बर्कलीच्या संशोधकांनी सुदानमधल्या दार्फुरमध्ये सुधारित चुलींना तापमान नोंदवणारे सेन्सर लावले तेव्हा लोकांनी सांगितलेला वापर आणि सेन्सरने टिपलेला वापर यांत फरक निघाला. सांगितलेला जास्त होता. लोक खोटं बोलतात असं यातून काढू नये, ते पाहुण्याचं मन राखतात. तेव्हा जिथे जमेल तिथे मोजणी वस्तूकडूनच व्हावी: झाकणाखाली कागदाची पट्टी, एक काउंटर, उरलेल्या साहित्याचं वजन.

चाचणीत वस्तूच्या मूळ हेतूलाच धक्का बसणं हे चांगलं लक्षण. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांचं एम्ब्रेस हे नवजात बाळांना ऊब देणारं उपकरण २००७ च्या सुमारास वर्गातल्या प्रकल्पातून सुरू झालं. काम होतं स्वस्त इन्क्युबेटर करण्याचं. नेपाळमध्ये गेल्यावर दिसलं की रुग्णालयांत इन्क्युबेटर आहेत, पण बाळं जन्मतात दूरच्या गावांत, जिथे विजेचा भरवसा नाही. मग काचेच्या पेटीऐवजी मेणासारखा पदार्थ भरलेली पिशवी आली, जी एकदा तापवली की काही तास ऊब धरते. संस्थेत गेलेल्या गटाला ‘तुम्हाला दिलेला प्रश्न मोडून दाखवा’ असं सांगण्यासाठी हे उदाहरण आम्ही वापरतो.

आता किंमत. बहुतेक विद्यार्थी उद्योग कोसळतात ते इथे, आणि कोसळण्याचं बीज विद्यापीठाच्या औदार्यातच असतं. कार्यशाळा फुकट, प्रिंटर फुकट, वीज फुकट, मुलांचे हात फुकट. मग वस्तूचा खर्च म्हणजे फक्त साहित्य, असा समज होतो. साहित्याला १०० धरा. जोडणीची मजुरी बाजारभावाने लावली की ४०. वेष्टन आणि वाहतूक १८. परत आलेले आणि मोडलेले नग ७. झाले १६५. गटाने मात्र ‘साहित्यावर पन्नास टक्के नफा’ म्हणून किंमत १५० ठरवलेली असते. म्हणजे प्रत्येक विक्रीला १५ चा तोटा, जितकी विक्री जास्त तितका खड्डा खोल. स्वतः विकून किमतीच्या ३० टक्के हाती ठेवायचे तर किंमत २३६ च्या आसपास जाते. मध्ये विक्रेता आला, त्याने विक्रीकिमतीचे २५ टक्के घेतले आणि आपल्याला २० टक्के हवे असतील तर १६५ ही किमतीच्या ५५ टक्के रक्कम झाली, किंमत ३००. हा आकडा संस्थेला परवडत नसेल तर वस्तूची रचना बदलायची. किंमत खाली ओढून अनुदानाने भोक बुजवायचं ठरवलं तर अनुदान संपलं त्या दिवशी उद्योग संपतो. आम्ही प्रत्येक गटाला दोन खर्चपत्रकं करायला लावतो, एक विद्यापीठाच्या आतलं आणि एक बाहेरचं, आणि निर्णय बाहेरच्यावर घेतो.

संख्येचाही एक सापळा आहे. दहा नग थ्रीडी प्रिंटरवर निघतात, हजारांना इंजेक्शन मोल्डिंग (वितळलेलं प्लास्टिक धातूच्या साच्यात दाबून भरणं) लागतं आणि त्याच्या साच्याचा खर्च एकदम अंगावर येतो. मधली पायरी मुलांना सहसा माहीत नसते: सिलिकॉनच्या रबरी साच्यात रेझिन (ओतल्यावर कडक होणारं द्रव प्लास्टिक) ओतून नग काढायचे. एका साच्यातून वीसेक नग निघतात, मग तो फाटायला लागतो. पहिल्या पंचवीस-तीस विक्रींना दोन साचे पुरतात. लेखी मागणी हातात आल्याशिवाय धातूचा साचा टाकू नये, मग कुणी कितीही सवलत देवो.

मालकीचा विषय गट जमल्या दिवशीच काढावा, कारण तेव्हा वाटून घ्यायला काही नसतं आणि म्हणून कुणी भांडत नाही. तीन धागे वेगळे करायचे. पहिला, विद्यापीठ आणि विद्यार्थी. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाची मालकी विद्यापीठांना ठेवता येऊ लागली आणि पुढे इतर देशांतल्या विद्यापीठांनीही आपापली धोरणं लिहिली. विद्यार्थ्याने स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांनी केलेलं काम आणि अनुदानित प्रकल्पातलं काम यांत ही धोरणं सहसा फरक करतात. आपल्या विद्यापीठाचं धोरण वाचून कोणत्या दिवशी कोणती प्रयोगशाळा वापरली याची नोंद ठेवली की पुढचा वाद लहान होतो. दुसरा धागा गटातल्या गटात. समान वाटणी दिसायला छान, पण तिसऱ्या महिन्यात सोडून गेलेल्याकडे पाव हिस्सा राहिला तर पुढे कुणी गुंतवणूकदार हात लावत नाही. म्हणून हिस्सा टप्प्याटप्प्याने मिळावा. प्रचलित पद्धत चार वर्षांची आहे, पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय काहीच नाही, नंतर दरमहा थोडा थोडा. तिसरा धागा संस्थेचा, आणि तो नेमका विसरला जातो. पट्टीची कल्पना त्या परिचारिकेच्या बोलण्यातून आली. तिला किंवा संस्थेला काय? नाव, सवलतीत वस्तू, विक्रीतला छोटा वाटा, जे ठरेल ते त्या एका पानावर लिहायचं.

पेटंटचा विचार असेल तर सादरीकरण-दिन हा धोक्याचा दिवस. युरोपात अर्जाआधी कल्पना जाहीर झाली की पेटंटला लागणारं नावीन्य गेलं, आपणच जाहीर केली असली तरी. अमेरिकेत एक वर्षाची सवड मिळते, तीवर सगळीकडे विसंबता येत नाही. मंचावर झाकण कसं सरकतं हे दाखवायच्या आधी अर्ज पडलेला असावा. पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत इतर देशांत अर्ज करून पहिल्या अर्जाच्याच तारखेचा अग्रक्रम मागता येतो. अर्थात, बहुतेक विद्यार्थी वस्तूंना पेटंटची गरजच नसते. त्यावर घालवलेले पैसे दुसऱ्या साच्यावर घातले तर जास्त पुढे जाता येतं, हे आमचं ठाम मत.

स्पर्धा, गुंतवणूकदार, मार्गदर्शकांची फौज याबद्दल थोडक्यात: एक मार्गदर्शक पुरे, त्याच धंद्यातला, महिन्यातून दोनदा तासभर. पाच मार्गदर्शक पाच दिशांना ओढतात.

पहिली खरी विक्री म्हणजे ज्याने वस्तूबद्दल आधी काहीच ऐकलेलं नाही, त्याने पूर्ण पैसे देऊन पावती घेणं. भागीदार संस्थेने घेतलेले नग यात धरत नाही, नात्यातल्यांनी घेतलेले तर मुळीच नाही. पावती कुणाच्या नावाने फाडायची हा प्रश्न मात्र आठवडाभर आधी सुटलेला हवा. कंपनी नोंदवायची की एखाद्याने व्यक्तिगत व्यवसाय म्हणून सुरुवात करायची, खातं कुणाचं, वस्तूने कुणाला इजा झाली तर जबाबदारी कुणाची. विद्यापीठाचा विमा विद्यार्थ्यांच्या धंद्याला लागू होईल असं गृहीत धरू नये. विमा अधिकाऱ्याला लेखी विचारावं. वस्तूबरोबर जाणाऱ्या पानावर फोन क्रमांक कुणाचा छापायचा, हे ऐकायला किरकोळ वाटतं. परीक्षेच्या दिवशी तो फोन वाजतो.

कॅलेंडर हा या सगळ्याचा खरा खलनायक. सोळा आठवड्यांच्या सत्रातले पहिले तीन गट जमण्यात आणि शेवटचे तीन परीक्षेत जातात. कामाचे उरतात दहा. संस्थेचं काम सुट्टीत थांबत नाही. म्हणून सुट्टीपुरती एका सदस्याला मानधनावर ठेवण्याची तरतूद वर्षाच्या अंदाजपत्रकात आधीच हवी. मे महिन्यात मागितलेली रक्कम ऑगस्टमध्ये मिळते. पदवी घेऊन जाणाऱ्या आणि नव्या मुलांचे किमान दोन आठवडे एकत्र जावेत आणि त्या काळात संस्थेतली एक भेट दोन्ही गटांनी मिळून करावी. हस्तांतराच्या फाईलमध्ये आराखडे असतातच. नसतात ते फसलेले प्रयत्न. कोणतं प्लास्टिक वाकलं, कोणत्या पुरवठादाराने उशीर केला, कोणत्या मुलाखतीत ‘नाही’ मिळालं आणि का, हे लिहिलेलं नसेल तर नवा गट तोच खड्डा पुन्हा खणतो.

निम्म्याहून अधिक प्रकल्प पावतीपर्यंत पोहोचत नाहीत, आणि ते बंद करण्याचीही एक रीत लागते. आमच्याकडे थांबण्याची अट सुरुवातीलाच लिहिलेली असते: अमुक तारखेपर्यंत तीन लेखी मागण्या आल्या नाहीत तर थांबायचं. थांबताना संस्थेला एका पानाचं पत्र जातं. त्यात काय सापडलं ते असतं, वापरात असलेले नग संस्थेकडेच राहतील हे असतं, सुट्या भागांची फाईल आणि ते कोणत्या साहित्यात छापायचे याची नोंद सोबत जोडलेली असते, घेतलेली वैयक्तिक माहिती कधी नष्ट केली ती तारीख असते. पत्र पोस्टाने पाठवत नाही. गटातल्या दोघांनी ते घेऊन जायचं, ज्या व्यक्तीने वर्षभर दार उघडलं तिच्या हातात द्यायचं आणि पुढच्या वर्षी तिला कोणता प्रश्न सोडवून हवा आहे ते विचारून यायचं.